फियाटच्या टाकीची किल्ली

माणसं कलिंगड घेताना दहा वाजवून बघतात आणि पेट्रोलचा फिल्टर घेताना म्हणतात, द्या कोणता बी. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. उदगीरच्या मोंढ्यामागे आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. वडील होते तोवर ते बसायचे, ते गेल्यापासून बारा वर्षं मी बसते. तरी अजून नवीन गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, कुणी माणूस हाय का दुकानात. मी म्हणते, हाय की, समोरच बसलंय.

रेवणप्पांनी असं कधी विचारलं नाही. ते वडिलांचे दोस्त. मोंढ्यात त्यांची आडत होती, आता वय अठ्ठ्याहत्तर. मला ते मंजुश्री न म्हणता मंजव्वा म्हणतात, मी त्यांना अप्पा म्हणते. त्यांची एक्क्याऐंशी सालची पांढरी फियाट म्हणजे उदगीरच्या लोकांच्या ओळखीचं माणूस आहे. या गाडीचं वर्षातलं एकच मोठं काम. भाऊबीजेला नांदेडला जायचं, अप्पांच्या थोरल्या बहिणीकडे, शांतम्माकडे. चाळीसहून जास्त भाऊबीजा झाल्या, अप्पा दुसऱ्या वाहनानं कधी गेले नाहीत. शांतम्मा आता चौऱ्याऐंशीच्या आहेत आणि भावाला ओवाळल्याशिवाय त्या दिवशी तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला जळकोटच्या पुढच्या चढावर फियाट बंद पडली. अप्पा एसटीनं नांदेडला पोचले तेव्हा दिवस मावळून गेला होता. मागच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच चढावर, त्याच चहाच्या टपरीसमोर. टपरीवाल्यानं दोन्ही वेळा धावत येऊन चाकाला दगड लावला, नाहीतर गाडी मागे घसरली असती. अप्पांचा मुलगा संगमेश हैदराबादला नोकरीला आहे. वाईट माणूस नाही, पण म्हाताऱ्या बापाला रस्त्यावर उभा राहिलेला बघून त्याचा जीव खालीवर झाला होता. या दसऱ्याला गाडीची पूजा झाली आणि त्यानं विषय काढला. हैदराबादेत जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस आहे, तो फियाट घ्यायला तयार आहे, छपराखाली ठेवील, पुसून ठेवील. अप्पांनी आधी गाडीवरचा हार नीट केला. मग म्हणाले, या भाऊबीजेला गाडी न थांबता नांदेडला पोचली तर घरी राहील, मधे बंद पडली तर तिथूनच ओढून न्या. संगमेशनं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानात येऊन बसले आणि हे सगळं मला सांगितलं. मी म्हटलं, अप्पा, असली पैज लावायची असती का. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गाडी गेली तर जाऊ दे म्हणतो मी. पर अक्काला आता दिसत न्हाई, मंजव्वा. गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला की तिला कळतं, भाऊ आला म्हणून. दुसऱ्या गाडीचा हॉर्न तिला काय सांगणार?"

मी उठले आणि फळीवरचे फिल्टर काढून समोर मांडले.

फियाटचं इंजिन कार्ब्युरेटरवालं, बारीक भोकांतून पेट्रोल हवेत मिसळणारं. तिचा पंप म्हणजे म्हातारं माणूस, हळूहळू पेट्रोल ओढतो, अंगात जोर नाही. हल्लीच्या गाड्यांचे पंप पेट्रोल जोरानं ढकलतात, म्हणून त्यांचे फिल्टर दाट, लोखंडी डबीतले. संगमेशनं मागच्या वर्षी हैदराबादहून असाच एक भारी फिल्टर आणून बसवला होता. सपाटीवर गाडी पळाली आणि चढावर उपाशी मेली. त्याच्या आधी वडिलांनी बसवलेला पितळी जाळीचा फिल्टर होता, अकरा वर्षं कुणी उघडूनही बघितला नव्हता. पहिल्या वर्षी तोच तुंबला होता. नंतर धुऊन पुन्हा बसवला, भारी फिल्टर काढल्यावरही तोच परत लावला, तरी गाडी आठ दिवस चालायची आणि झटके खायला लागायची. जाळी म्हणजे चहाची गाळणी. पत्ती अडवते, भुकटी खाली जातेच.

मी कागदी फिल्टर निवडला. पारदर्शक डबी, आत घड्या घातलेला कागद, पेट्रोल गाळतो आणि अडवतही नाही. मोटारसायकलचा लहान घेतला नाही, कारचा मोठा घेतला. दगडोबा मिस्त्रींना बजावलं की इंजिनच्या उष्णतेपासून लांब बसवा आणि डबीवरचा बाण पंपाकडे ठेवा. दगडोबांचा हात या गाडीवर तीस वर्षं आहे. बाईमाणसानं बाण दाखवलेला त्यांना काही आवडला नाही, पण बसवला बरोबर.

चार दिवसांनी निलंगा रोडला गाडी फिरवून बघितली आणि पंधरा किलोमीटरवर ती बंद पडली. अप्पांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि समोर बघत राहिले. दगडोबा मिस्त्री म्हणाले, आजकालचं पेट्रोलच खराब येऊन राहिलंय. मला मात्र ठाऊक होतं, फिल्टर माझा होता. संध्याकाळी संगमेशचा फोन आला. रागावला असता तर परवडलं असतं. तो फार गोड बोलला, मंजुश्री, तुझी चूक न्हाई, असल्या गाडीला कुणी काय करणार, मी त्या माणसाला कळवून ठेवतो. गोड बोलून कमी लेखणाऱ्या माणसाचा मला जितका राग येतो, तितका शिवी देणाऱ्याचा येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो फिल्टर काढून आणला आणि करवतीच्या पात्यानं कापला. डबी पारदर्शक असल्यामुळे आत गाळ साचलेला बाहेरूनच दिसत होता. कागदाच्या घड्या पुऱ्या भरल्या होत्या. मी तो गाळ वर्तमानपत्रावर पसरून वाळवला. टाकीचा गंज असता तर तांबडा असता. आमच्या रस्त्यांची धूळ असती तर काळी असती. हे पांढरट राखाडी होतं. बोटांत चोळून बघितलं तर कचकच अजिबात नाही, मऊसूत. असलं काही टाकीत कुठून येतं ते मला कळेना. दुकानात उकडत होतं, मी कपाळाचा घाम पुसत विचार करत बसले.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणाली, आज सोमवार न्हाई, मग इभूत कशी लावून बसलीस?

मी काउंटरमागच्या आरशात बघितलं. कपाळावर तीन बोटांचे तीन पट्टे उमटले होते. घरी देव्हाऱ्यासमोर दर सोमवारी लावतो तीच विभूती, तोच रंग. मी जेवलेच नाही.

फियाटच्या टाकीच्या झाकणाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली एकच. ती असते अप्पांच्या करदोड्याला. पेट्रोल पंपावर अप्पा सदरा वर करून कमरेची किल्ली काढतात, हे अख्ख्या उदगीरनं पाहिलेलं आहे. म्हणजे टाकीत काही पडलं असेल तर ते कुणाच्या हातानं, हे शोधायला पोलीस नको होते.

त्यांच्या घरी जाईपर्यंत मी दहा वाक्यं तयार केली होती, एकाहून एक तिखट. अप्पा नुकतेच दुपारच्या पूजेवरून उठले होते, कपाळावर ओले पट्टे होते. मी वर्तमानपत्राची पुडी त्यांच्यासमोर उघडली आणि विचारलं, हे टाकीत कुठून आलं? त्यांनी चिमटीत घेतलं, चोळलं, वास घेतला.

"माझंच हाय," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी गाडी पहिल्यांदा बंद पडली त्या रात्री संगमेश सहज म्हणून गेला होता की आता ही विकून टाकू. ते अप्पांच्या मनाला लागलं. गाडी दुरुस्त होऊन घरी आली, तेव्हा सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी चिमूटभर विभूती नेऊन टाकीत टाकली. बॉनेटला तर रोजच लावायचे, पण दुखणं पोटात आहे तर औषधही पोटात जावं, असा त्यांचा हिशोब. त्या दिवशी गाडी छान चालली. झालं, विश्वास बसला. पुढं प्रत्येक फेरीआधी चिमूट. गाडी अडखळली की वाटायचं आपलीच श्रद्धा कमी पडली, मग चिमटीची मूठ झाली. गाडी बंद पडली की विभूती आणि विभूती पडली की गाडी बंद. पितळी जाळीतून ती खाली जाऊन कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसायची. माझ्या कागदानं मात्र तिला धरून ठेवलं होतं.

"म्हंजे मीच तिचा गळा धरला होता की, मंजव्वा."

त्यांचे डोळे भरले. माझी दहाही वाक्यं घशातच राहिली. मी फक्त म्हटलं, "अप्पा, इभूत कपाळाची हाय. कपाळाला ती पचती, कार्ब्युरेटरला न्हाई पचत." ते ओल्या डोळ्यांनीच थोडं हसले.

निघताना मी त्यांच्याकडे किल्ली मागितली, भाऊबीज होईपर्यंत माझ्याकडे राहू द्या म्हटलं. त्यांचा हात लगेच कमरेवर गेला. शब्द देतो, टाकीत काही जाणार न्हाई, पर किल्ली मागू नको, म्हणाले. आणि अजून एक, हे संगमेशला सांगू नको. आधीच तो बापाला लहान लेकरासारखा जपून राहिलाय, हे कळलं तर बाप पुरा कामातून गेला असं समजंल. मी हो म्हटलं. शब्दावर माझा विश्वास होता, पण दोन वर्षांच्या हाताच्या सवयीवर नव्हता.

दगडोबा मिस्त्रींनी टाकी उतरवली. मी त्यांना एवढंच सांगितलं की आत बारीक गाळ आहे. पेट्रोल टाकून तीनदा खळखळून धुतली, तरी शेवटचं पेट्रोलही राखेच्या पाण्यासारखं निघालं, मग चौथ्यांदा धुतली. अप्पांनी आपलं जुनं धोतर फाडून दिलं, त्यातून पेट्रोल गाळून घेतलं. कार्ब्युरेटर खोलून एकेक भोक हवेनं साफ केलं. रबरी नळ्या फुगल्या होत्या त्या बदलल्या. आणि मी दुकानातून नवा फिल्टर आणला. तोच, कागदी, पारदर्शक.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी संगमेश आला, बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, हाच तर फेल गेला होता. मी ओठ चावले. मग म्हटलं, फेल गेला न्हाई, त्यानं साक्ष दिली. त्याला काही कळलं नाही. दगडोबा मिस्त्री मान खाली घालून पाने पुसत राहिले. त्यांना कळलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

मला भाऊ नाही. भाऊबीजेला बाजार बंद असतो तेव्हा मी दुकान उघडून बसते, म्हणजे घरी बसून जीव खायला नको. यंदा अप्पा म्हणाले, डॉक्टर बरोबर असला की पेशंटला धीर असतो, तू चल. सकाळी साडेसहाला निघालो. निघेपर्यंत मी टाकीच्या झाकणापाशीच उभी होते. अप्पांनी बॉनेटला तीन बोटं ओढली, गाडीभोवती फिरले, मागं आले, माझ्याकडे बघितलं आणि हात सदऱ्याला पुसून पुढं गेले. मी त्यांच्या शेजारी बसले, संगमेश मागं. ओढून नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर त्यानं फोनमध्ये काढून ठेवला होता, मला दिसलं.

 जळकोट सुटलं आणि चढ लागला. अप्पांनी गिअर खाली ओढला. इंजिनचा आवाज जड झाला. मी रस्ता बघत नव्हते, ऐकत होते. कार्ब्युरेटरची गाडी उपाशी पडायला लागली की आधी एक उचकी देते, मग दुसरी, मग गप्प. एक हात मी डॅशबोर्डवर ठेवला होता, इंजिनची धडधड कळावी म्हणून. वळण आलं. पुढं ती टपरी दिसली. टपरीवाल्यानं आम्हाला लांबूनच ओळखलं आणि तो ठरलेल्या कामाला निघावा तसा टपरीमागून दगड उचलून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

उचकी आली नाही. फियाट त्याच्यासमोरून त्याच चालीनं वर गेली. अप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला नमस्कार केला. मी मागं वळून बघितलं, तो दगड लेकरासारखा कडेवर घेऊन बघतच राहिला होता. माथ्यावर रस्ता सपाट झाला, समोर माणूस नव्हता, जनावर नव्हतं, तरी अप्पांनी हॉर्न वाजवला. मला हसू आवरेना. अजून एकदा वाजवा म्हटलं, त्यांनी अजून दोनदा वाजवला. मला इतका आनंद झाला होता की कुणाशी तरी भांडावंसं वाटत होतं. मागं संगमेशनं फोन खिशात घातला.

कंधार गेलं, गोदावरीचा पूल आला, नांदेडची गर्दी आली. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, चाचा, विकणार का? अप्पा म्हणाले, "बिलकुल न्हाई," आणि गिअर टाकला. वजिराबादच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी हळू केली, टोपी नीट केली आणि हॉर्न वाजवला, एक लांब, दोन आखूड. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा शांतम्मा उंबऱ्यावर उभ्या होत्या, एका हातानं चौकट धरून. अजून साडेदहासुद्धा झाले नव्हते.

"रेवण्या, दोन वर्षांनी आलास बघ," त्या म्हणाल्या. मागची दोन वर्षं तो आला होता, रात्री का होईना, पण त्या वर्षांना त्या धरतच नव्हत्या. अप्पा खाली वाकले आणि बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून थोडा वेळ तसेच राहिले.

पाटावर बसवून शांतम्मांनी भावाला ओवाळलं. दिसत नसताना त्यांचा हात बरोबर कपाळावर गेला. मग त्यांना माझा आवाज ऐकू आला. ही कोण, विचारलं, अप्पांनी सांगितलं. तुला भाऊ न्हाई का गं, म्हणाल्या. मी न्हाई म्हटलं. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि संगमेशला पाटावर बसवलं. आता मी एवढ्या वयाची बाई, आयुष्यात कधी ओवाळलेलं नाही, ताट आधी उलट्या दिशेनं फिरवलं आणि वरून स्वतःचाच रागही आला. निरांजन तीनदा फिरवलं. संगमेशनं ओवाळणी टाकायला खिसे चाचपले. आजकालचा माणूस, फोनवर सगळं, खिशात एक नोट नाही. तो ओशाळून बापाकडे बघायला लागला.

अप्पा उठून भिंतीकडे वळले. सदरा वर केला. करदोड्याची गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. मग ते परत आले आणि संगमेशच्या तळहातावर किल्ली ठेवली.

"दोन वर्षं टाकीत इभूत मीच टाकत होतो. गाडी त्यानंच बंद पडायची. हिला कळलं, हिनं तुझी बोलणी ऐकून घेतली, पर तुला सांगितलं न्हाई. ही टाक तिच्या ताटात."

संगमेशनं किल्ली तळहातावर उलटीसुलटी करून बघितली. मला वाटलं आता हा बापाला काहीतरी बोलणार, आणि बोलला असता तर मी ताट तिथंच ठेवून त्याच्याशी भांडले असते. पण त्यानं मान खाली घातली आणि किल्ली ताटात ठेवली, अक्षतांच्या शेजारी. मग मला विचारलं, "ताई, हा फिल्टर पुन्हा कधी बदलायचा?"

"दर दसऱ्याला," मी म्हटलं, "पूजेच्या आधी."

शांतम्मांनी तोपर्यंत विभूतीची डबी उघडून भावापुढं धरली होती, गाडीला लाव म्हणून. अप्पांनी तीन बोटं बुडवली आणि ती माझ्या कपाळावर ओढली. मी किल्ली उचलली. ती अजून त्यांच्या कमरेच्या उबेनं कोमट होती.